विद्यापीठाजवळची खोली

जून महिना लागला की बडोद्याच्या रेल्वे स्थानकावर एका विशिष्ट प्रकारचे प्रवासी उतरू लागतात. वडिलांच्या हाती दाखल्यांची पिशवी, मुलाच्या पाठीवर भरगच्च बॅग, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर प्रवासाच्या शिणाहून थोडी अधिक अशी काळजी. प्रवेश मिळालेला असतो. वसतिगृहात जागा मिळालेली नसते. दोन दिवसांत खोली पाहावयाची, ठरवावयाची, पैसे भरावयाचे आणि वडिलांनी रात्रीच्या गाडीने परत फिरावयाचे, असा बेत असतो. नंदुरबार-नवापुराकडील कुटुंबांना पुण्यापेक्षा बडोदे जवळचे. सुरतेस गाडी बदलली की काही तासांत महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट दृष्टीस पडतो. त्यामुळे या प्रवाशांत मराठी बोलणारे पुष्कळ असतात.

स्थानकातून पूर्वेच्या बाजूस बाहेर पडले की सयाजीगंज लागते, आणि तेथून पाचदहा मिनिटांच्या वाटेवर विद्यापीठ. कला शाखेच्या इमारतीवरील भव्य घुमट हा मूळच्या बडोदा कॉलेजचा. कॉलेज 1881 सालचे, इमारतीचा आराखडा रॉबर्ट चिझम या स्थापत्यकाराचा. पुढे बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते 1 मे 1949 रोजी, आणि विद्यापीठ स्थापन झाले ते त्याच्या आदल्याच दिवशी, 30 एप्रिलला. जाता जाता संस्थानाने केलेले हे शेवटचे मोठे काम म्हणावयास हरकत नाही. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. विद्यापीठ गुजरातेतील असले तरी अध्यापनाचे माध्यम इंग्रजी. म्हणून केरळपासून ईशान्येकडील राज्यांपर्यंतचे विद्यार्थी येथे येतात, आणि मराठी मुलासही वर्गात भाषेची अडचण पडत नाही. ती पडते वर्गाबाहेर, खोली शोधताना.

खोली शोधणारा प्रत्येक जण प्रथम एकच अट सांगतो : विद्यापीठाजवळ हवी. दलाल मान डोलावतो, कारण बडोद्यात विद्यापीठापासून जवळ नाही अशी खोली त्याच्या वहीत नसतेच. खरी गोष्ट अशी की हे विद्यापीठ एका कुंपणात सामावलेले नाही. कला, विज्ञान, वाणिज्य या शाखा सयाजीगंज आणि प्रतापगंज भागांत. ललित कलांची शाखा, जिच्यामुळे बडोद्याचे नाव चित्रकारांच्या जगात झाले, तीही तेथेच, पुष्पबागेत. परंतु अभियांत्रिकीची शाखा म्हणजे 1890 साली त्रिभुवनदास गज्जर यांनी सुरू केलेले कलाभवन, आणि ते दीडदोन किलोमीटर दूर, दांडिया बाजाराच्या बाजूस. संगीत-नाट्याचे महाविद्यालय सूरसागर तलावासमोर. वैद्यकीय महाविद्यालय सयाजी रुग्णालयाजवळ. अंतरे फार नाहीत. सायकलवर सहज कापण्यासारखी आहेत. मात्र या दोन बाजूंच्या मध्ये विश्वामित्री नदी आहे.

पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी बडोद्यात शिरते तेव्हा तिचे रूप ओढ्याहून फारसे मोठे नसते. सयाजीबागेच्या मधून ती वळणे घेत जाते. बागेला जुनी माणसे अजून कमाटीबाग म्हणतात. उन्हाळ्यात पुलावरून खाली पाहिले तर हिरवट पाणी, काठावरचे गवत आणि कधी चिखलावर ऊन खात पडलेली मगर, एवढेच दिसते. भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरी असणे ही बाहेरगावच्या माणसास थाप वाटते. बडोदेकरांना तिचे काहीच वाटत नाही. ही निवांत दिसणारी नदी पावसाळ्यात काय करते, हे मात्र खोली घेणाऱ्याने विचारून घ्यावयास हवे. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस कोसळला. 2024 च्या ऑगस्टअखेरीस नदीची पातळी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण कोठल्या कोठे बुडाली, आणि फतेगंज, समा, अकोटा, मुजमहुडा, सयाजीगंजातील परशुराम भठ्ठा अशा कितीतरी वस्त्यांत पाणी दिवसच्या दिवस उभे राहिले. काळा घोडा चौकाजवळचा पूल बंद झाला. म्हणजे कलाभवनात शिकणारा मुलगा पलीकडच्या तीरावर राहत असेल, तर नकाशावर दोन किलोमीटर असलेले त्याचे कॉलेज त्या आठवड्यात परमुलखात गेल्यासारखेच होते.

वस्ती निवडणे म्हणजे भाड्याचा आकडा आणि अंतराचा आकडा यांची वजाबाकी, अशी बहुतेक वडिलांची समजूत असते. नवापुराकडून आलेले एक प्राथमिक शिक्षक आणि त्यांचा एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला मुलगा यांचीही तीच होती.

दलालाने त्यांना प्रथम फतेगंजात नेले. हा भाग पूर्वी इंग्रजांच्या छावणीचा. रस्ते रुंद, चर्चच्या इमारती, ख्रिस्ती आणि मल्याळी कुटुंबांची घरे, आणि संध्याकाळी तरुण मुलामुलींनी गजबजलेली खाण्याची दुकाने. विद्यार्थ्यास आवडावा असाच भाग. खोली तळमजल्यावर होती, स्वच्छ होती, भाडेही अवाच्या सवा नव्हते. मुलाने तेथल्या तेथे होकार दिला असता. परंतु मास्तरांची नजर भिंतीवर गेली. छातीइतक्या उंचीपर्यंत भिंतीला नवा रंग होता, त्याच्या वरचा रंग जुना, किंचित पिवळटलेला. फळ्यावरचे पुसलेले अक्षर ओळखण्याची सवय असलेल्या माणसाला एवढे पुरे होते. बाहेर येऊन त्यांनी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थांना विचारले, "दादा, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" गृहस्थांनी उत्तर न देता उठून आपल्याच दाराच्या चौकटीवर हात टेकवला आणि म्हटले, "अहीं सुधी." हात मास्तरांच्या बरगडीशी येत होता. दलाल म्हणाला, तसा पूर रोज येत नाही. तेही खरेच होते.

रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडील अलकापुरीविषयी फार सांगावयास नको. भाडी मोठी, घरे मोठी, आणि पायी येणाऱ्याच्या वाटेवर रुळांखालचा तो अलकापुरीचा गरनाळा. गरनाळा म्हणजे पुलाखालचा बोगदेवजा रस्ता. दोन सरी जोराच्या आल्या की तो तुंबतो आणि वाहतूक बंद होते, हे बडोद्यात पावसाळा सुरू झाल्याचे जवळजवळ अधिकृत चिन्ह समजले जाते.

दुपारी दोघे दांडिया बाजारात आले आणि मास्तरांना प्रथमच हुशारी वाटली. दुकानांच्या पाट्यांवर मराठी आडनावे, ओट्यावर मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका, गणपतीच्या मंडळांची नावे. गायकवाडांच्या राज्यात दोनशे वर्षे नोकरी-चाकरी, विद्या आणि वैद्यकी करीत आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. बडोदा कॉलेजात शिकवीत असताना श्रीअरविंदही खासेराव जाधवांच्या येथील घरात राहिले होते. त्या घरी आज अरविंदांचा आश्रम आहे. जवळपासच्या हातगाडीवर सेव-उसळ मिळते. उसळ मराठी, वर पसरलेली शेव गुजराती, आणि तिखटपणा खास बडोद्याचा. आपल्या भाषेच्या वस्तीत मुलगा राहिला तर आजारपणात कोणी विचारील तरी, असा मास्तरांचा विचार. तो चुकीचा म्हणता येणार नाही. परक्या प्रांतात गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हाच विचार केलेला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, कोठेही पाहावे.

खोली माडीवर होती. घरमालकीणबाई अगत्याच्या. त्यांनी पाणी दिले, चहाचे विचारले, जिना जपून चढा म्हणून सांगितले. मग सहज विचारावे तसे विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मास्तरांनी सांगितले. गावाच्या नावावरून पडलेले, 'कर'ने संपणारे, कोणाचेही असू शकेल असे ते आडनाव होते. बाई क्षणभर थांबल्या. "म्हणजे नेमके कोण तुम्ही?" मास्तरांनी तेही सांगितले. चहा आला, चहात काही कमी नव्हते. मात्र बाईंना एकाएकी आठवले की पुतण्या पुढच्या महिन्यात शिकावयास यावयाचा आहे आणि खोली त्याच्यासाठी ठेवावी लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सोसायटीत, फाटकावर 'मकान भाडे आपवानुं छे' अशी पाटी पाहून मुलाने आत चौकशी केली. मालक बाहेर आले. पहिलाच प्रश्न : "तमारी अटक शुं?" मुलगा गोंधळून वडिलांकडे पाहू लागला. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे त्याला ठाऊक नव्हते. मराठी कानाला तो शब्द पोलीस चौकीतला वाटला. अर्थ कळल्यावर त्याला हसू आले. ते फार टिकले नाही, कारण मालकांनी आडनाव ऐकले, मांसाहार करता का विचारले, आणि खोली कालच संध्याकाळी दिली गेल्याचे सांगितले. पाटी तशीच होती.

याच शहरात, याच प्रश्नासाठी, एका भाडेकरूला जे सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. तथापि ते विद्यापीठापासून किती अंतरावर घडले, हे बडोद्यात शिकून गेलेल्या अनेकांना ठाऊक नसते. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते 1913 पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. ज्या राजाने 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्याच्याच राजधानीत, त्याच्याच कचेरीत काम करावयास आलेल्या या उच्चविद्याविभूषित माणसाला राहावयास जागा मिळेना. अखेर त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात आश्रय घेतला. तेथे पारशांखेरीज कोणाला उतरू देत नसत, म्हणून वहीत पारशी नाव लिहावे लागले. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, शेजारी मोडक्या सामानाने भरलेला ओसाड दिवाणखाना, रात्री कंदिलाचा उजेड, आणि बोलावयास कोणी नाही. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. सरकारी दप्तरात रोज असे अर्ज फिरतात, आणि फिरविणाऱ्यास आपण काही वाईट करीत आहोत असे वाटतही नाही. त्याच्या लेखी तो केवळ एक कागद असतो. उत्तर येण्यापूर्वी, अकराव्या दिवशी सकाळी, हातात काठ्या घेतलेला दहाबारा जणांचा जमाव पथिकाश्रमात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्माविले. दोन परिचितांकडे आंबेडकरांनी विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. एकाने नोकर सोडून जातील असे म्हटले. दुसऱ्याने पत्नीस विचारावे लागेल असे म्हटले. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. बागेतील ती जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते. हे सारे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

त्यानंतर राज्यघटना आली, 1955 साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला आणि 1976 मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आज काठ्या घेऊन कोणी येत नाही, हे खरे. परंतु कायद्याला पकडता येईल असे वाक्यही कोणी बोलत नाही. पुतण्या यावयाचा असतो, खोली कालच गेलेली असते. धर्म निराळा असेल, तर पुतण्या आणखी लवकर येतो. ज्याला नकार मिळतो त्याला तो नक्की कळतो; सिद्ध करता मात्र येत नाही. हा नकार इतका सौजन्याने दिला जातो, की ऐकणाऱ्यासच आपण उगाच शंका घेतली असे वाटू लागते. या बाबतीत गुजराती घरमालक आणि मराठी घरमालक यांत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. मुंबईत वा पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही हा पुतण्या परिचित आहे.

मुलाबरोबर प्रवेश घेतलेल्या एका मित्राने त्याला फोनवर उपाय सुचविला. त्याच्या खोलीवरच्या एकाने तसेच केले होते : सांगताना दुसरे आडनाव सांगावयाचे, करार करावयाची वेळ आली की मग पाहता येते. मुलाने हे वडिलांना भीतभीतच सांगितले. मास्तर रागावले नाहीत. ते रस्त्याकडेला एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि पिशवीतील फाईल काढून त्यांनी मुलाची गुणपत्रिका त्याच्यापुढे धरली.

"ह्याच्यावर काय लिहिलंय, वाच."

मुलाने वाचले.

"मग तेच सांगायचं. दोन ठिकाणी जास्त हिंडावं लागेल. हिंडू."

चार ठिकाणी हिंडावे लागले. अखेर दोघे निजामपुऱ्यात पोहोचले. विद्यापीठापासून हे सुमारे तीन किलोमीटर; म्हणजे ज्या अर्थाने सकाळी दोघे 'जवळ' म्हणत होते त्या अर्थाने जवळ नव्हे. मध्यमवर्गीयांच्या जुन्या सोसायट्या, खाली मालक, वर एक-दोन खोल्या भाडेकरूंसाठी. येथेही पाण्याचा प्रश्न नाही असे नाही. भुखी कांस नावाचा नाला या भागातून जातो आणि त्याच्या काठच्या घरांना पावसाळ्यात झोप नसते. बडोद्यात अशा नाल्यांना कांस म्हणतात, आणि नवख्या माणसाने हा शब्द लक्षात ठेवावा. मास्तरांनी आता घर पाहण्याआधी कांस पाहिली, मग भिंती पाहिल्या, मग समोरच्या किराणा दुकानदाराला विचारले.

मालक रेल्वेतून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ होते. त्यांच्या प्रश्नांचे स्वरूपच निराळे निघाले. भाडे महिन्याच्या पाच तारखेपर्यंत देता येईल का? स्वयंपाक करणार की डबा लावणार? गच्चीवर रात्री मित्र जमवून गोंगाट तर होणार नाही? फाटक अकरा वाजता बंद होते, चालेल का? विजेचे मीटर निराळे होते ते त्यांनी दाखविले, नळाला पाणी केव्हा येते ते सांगितले, आणि 2024 साली कांस भरून वाहिली तेव्हा तळमजल्यात घोटाभर पाणी आले होते, वर काही झाले नाही, हेही न विचारता सांगितले. घर भाड्याने देणाऱ्याने हे आपण होऊन सांगावे अशी कायद्याची सक्ती नाही. सांगणारा आढळला तर दोनशे-चारशे रुपये भाडे अधिक असले तरी ते देऊन टाकण्यात शहाणपण आहे.

करार अकरा महिन्यांचा. या अकराचे अनेकांना कोडे वाटते. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून वर्ष पुरे होऊ न देण्याची ही वहिवाट पडली. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक केली आहे. करार अकरा महिन्यांचा असो वा अधिक, अनामत रकमेची पावती वेगळी घ्यावी आणि ती परत केव्हा व कोणती कपात करून मिळेल, हे कागदावर लिहून घ्यावे. मास्तरांनी ते घेतले. भाडेकरूची पोलिसांकडे करावयाची नोंद मालकांनीच करतो म्हणून सांगितले.

मालकांनी चष्मा लावला आणि मुद्रांकाच्या कागदावरील रिकामी जागा भरण्यासाठी विचारले, "नाम?"

मुलाने स्वतःचे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, आणि तो थांबला.

"पूर्ण सांग," मास्तर म्हणाले.

त्याने सांगितले. मालकांना ते नीट ऐकू आले नसावे. त्यांनी आधारपत्र मागून घेतले, एक एक अक्षर जुळवीत आडनाव उतरवून काढले आणि शुद्धलेखन बरोबर आहे का म्हणून कागद मुलापुढे सरकविला. एक वेलांटी चुकली होती. मुलाने ती दुरुस्त करून दिली.

गाडीला अद्याप तीन तास अवकाश होता. सामान वर ठेवून दोघे रिक्षाने काळ्या घोड्यापर्यंत आले आणि कमाटीबागेत जाऊन बसले. आभाळ भरून आले होते. मास्तरांनी नदीकडे पाहून पातळीविषयी काहीतरी विचारले, आणि मुलाने खिशातील किल्ली एकदा चाचपून पाहिली.